देऊळघाटचा दम

नऊ खेळाडू आणि नव्वद सल्लागार असलेल्या संघात किस्से शोधावे लागत नाहीत. मैदानातल्या धुळीसारखे ते आपोआप अंगाला चिकटतात.

नागपूरहून बी. ए. होऊन मी देऊळघाटला परतलो. घरच्यांना वाटलं, आता हा कचेरीत चिकटणार. मी चुन्याची पिशवी उचलली आणि हुतूतूचं मैदान आखलं! वडनेर भोलजीकडून आम्ही सलग तीन वर्षं हरलो होतो. गेल्या खेपेला तर आमचा नामदेव चढाई अर्धी टाकून परत फिरला. तेव्हापासून गाव त्याला 'परत्या' म्हणे. यंदा त्याला खेळवायला दोघंच राजी होते : मी आणि आमचे वस्ताद, म्हणजे संघाला शिकवणारे म्हातारे पहिलवान.

* * *

पहिल्याच दिवशी मी मनोबलावर बोललो. चांगला तासभर! शेवटी विचारलं, "काही शंका?"

नामदेव उठला. "शंका नाई, बीए भाऊ. पण दम काय हाये तुमचा! चढाईले तुमालेच पाठवा लागते!"

* * *

मी सर्वांना सांगितलं होतं, खेळताना मनात सारखं म्हणायचं, 'मी जिंकणारच!' सरावात गणपत चढाईला गेला आणि हुतूतू सोडून मोठ्यानं तेच म्हणत सुटला. वस्तादांनी त्याला तिथंच बाद केलं.

"काऊन? मी खरं तेच बोलून राह्यलो!"

"खरं बोलाचं असन तं कोर्टात जाय बे! इथं हुतूतू म्हण!"

* * *

मग मी सर्वांना राजूर घाट पळत चढायला लावला. स्वतःही पळालो, नाहीतर आपल्या बोलण्याला अर्थ काय! वाटेत मलकापूरची मोटार वाफ सोडत उभी होती. तिला मागं टाकून आम्ही माथ्यावर पोचलो. एवढा सुंदर प्रसंग! त्यावर दोन शब्द बोलायला मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

नामदेव खूश. "हां, बोला आता!"

* * *

वडनेरचा भिकाजी म्हणजे पहाड. त्याचं नाव काढलं की नामदेवचे ओठ सुकायचे. मी धैर्यावर बोलणार, इतक्यात वस्ताद त्याला नांदुऱ्याच्या बाजारात घेऊन गेले. तिथं भिकाजी मान खाली घालून उभा, आणि त्याची आई किडकी वांगी त्याच्या नाकासमोर नाचवत होती. "डोये फुटले व्हते का रे तुये?"

वस्ताद म्हणाले, "पाह्य नामदेव, पहाड!"

* * *

सामना झाला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, नामदेव.

भिकाजीनं कंबर धरली, दुसऱ्यानं पाय, तिसरा पाठीवर पडला. मधली रेषा चार हात दूर. "सोड बे दम, परत्या!" वडनेरची माणसं ओरडत होती. पंच गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडाशी कान लावून राहिले. हुतूतू बारीक होत होत मच्छराएवढं झालं, पण तुटलं नाही. अख्खं वडनेर पाठीवर घेऊन नामदेव वीत-वीत सरकत होता. शेवटी त्याचं एक बोट चुन्यावर पडलं.

शिट्टी!

गावानं त्याला खांद्यावर घेतलं. मी गर्दीत घुसलो. "नामदेव, सांग! त्या वेळी मनाला काय सांगितलंस?"

"मनाले?" तो धापा टाकत म्हणाला. "मन तं कवाच हारलं व्हतं, बीए भाऊ. पायाइले सांगाचं राहून गेलं!"