ठकीच्या डोळ्यातला फेस

लाँड्रीत सगळे तिला मावशी म्हणत. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. चादरीवरचा डाग चहाचा की औषधाचा, लांबूनच सांगायची. नवरा केव्हाच परागंदा झालेला. पाच वर्षांची लेक ठकी दिवसभर साबणाच्या टाक्यांपाशी खेळायची आणि भूक लागली की कोऱ्या चहात पाव बुडवून खायची. पोट भरलं म्हणजे पोर पोसलं, असं मावशीला वाटे. तिला नावं ठेवणं सोपं आहे हो, तिच्या जागी राहून बघावं.

दिवेलागण झाली की ठकी बादल्यांना धडकायची. "डोळे काय कपाळावर ठेवलेत का गं?" मावशी करवादायची. बाकीच्या बायका हसायच्या. ठकीही हसायची आणि भिंतीला टेकून एका जागी बसून राहायची.

मग एक दिवस तिच्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, पांढरा फेसाळ ठिपका दिसला. साबणात जन्म गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! फेस उडाला असेल, म्हणून तिने ओल्या फडक्याने पुसला. जाईना. रोज पाण्याचे हबके मारले, पोरीला टाक्यांपासून लांब बसवलं. ठिपका हटायचं नाव घेईना, आणि दुसऱ्याही डोळ्यात तसाच उमटला.

त्यातच गोवर निघाला. ताप उतरला, पण डावं बुबुळ दुधासारखं झालं. तेव्हा कुठे मावशी तिला उचलून दवाखान्यात धावली.

"हा साबण नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अ जीवनसत्त्व कमी पडलंय. दूध, अंडं, पालेभाजी, काहीच पोटात नाही. अंधारात धडपडायची ना? तेव्हाच आणायची होती. डावा डोळा गेला. उजवा औषधाने वाचेल."

मावशीने ठकीला जवळ ओढलं. पोरीला आपण आंधळ्यासारखी का चालतेस म्हणून रागावलो, आणि ती खरंच आंधळी होत होती. हे दुःख कुणाला सांगायचं?

औषध सुरू होऊन काही दिवस झाले होते. संध्याकाळ झाली, वॉर्डातले दिवे अजून लागायचे होते. ठकीने हात पुढे करून आईचा गाल चाचपला.

"आई, तू रडतेयस."

"दिसतंय तुला?"

"हो." ठकीने आईचा गाल पुसला. "संध्याकाळी सगळ्यांना दिसतं होय? मला वाटायचं, तुलाही दिसत नाही, म्हणून तू चिडतेस."