दोघं निघाले तरी गरुड उतरेना

भूतबित मी कधी मानलं नाही. वसमतला माझं मेडिकल आहे आणि स्वभाव मूळचाच संशयी... डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचतो. त्यामुळे ही कुणाची तरी चलाखी आहे, असंच मी आधी धरलं.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे, तांड्यावरच्या किसनभाऊंच्या शेतात बाभळीवर सापमार गरुडाचं घरटं होतं. आत एकच पिल्लू. जागा मी कुणालाच सांगितली नव्हती — फोटोवाल्यांची झुंबड उडाली की पक्षी घरटं सोडून देतात.

फोटो काढायची माझी आणि किसनभाऊंची युक्ती सोपी होती. पक्ष्याला मोजता येत नाही. म्हणून घरट्यासमोर उभारलेल्या कापडी लपणात, म्हणजे छोट्या तंबूत, दोघांनी शिरायचं आणि एकाने लगेच निघून जायचं. पक्ष्याला वाटतं, लपण रिकामं झालं. आठवडाभर हे बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी सकाळी किसनभाऊ नेहमीसारखे मला आत सोडून बांधावर जाऊन बसले. मादी मात्र येईना. समोरच्या लिंबावरून लपणाकडे टक लावून बघत राहिली. मार्चचं ऊन... तिच्या सावलीविना पिल्लू चोच उघडून धापा टाकत होतं. थोड्या वेळाने त्याने मान टाकली. माझ्या हौसेपायी लेकरू मरणार होतं.

कॅमेरा तिथेच सोडून मी बाहेर आलो. मागे काढणी झालेलं हरभऱ्याचं मोकळं रान, ससासुद्धा लपणार नाही असं. तसाच बांधावर जाऊन बसलो. लपण आता रिकामं होतं. तरीही तिची नजर तिथेच!

"किसनभाऊ, खरं सांगा, दुसऱ्या कुणाला आणून बसवलंय का आत?"

"काहून डाऊट घेऊन राहिले माझ्यावर? तुमीच तर आतून आले. कोनी न्हाई!"

मी दुर्बीण लावली. मादीची मान हळूहळू वळायला लागली... लपणापासून मोकळ्या रानातून आमच्याकडे. कुणी चालत येतंय आणि ती बघतेय, अगदी तशी. नजर आमच्या बांधावर येऊन थांबली. मग तिने पंख उघडले आणि थेट घरट्यात उतरली. पिल्लाने मान उचलली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

वळून बघतो तर किसनभाऊ बाजूला सरकलेले. आमच्यामध्ये बरोबर एका माणसाची जागा.

"का सरकलात?"

"तुमीच म्हनले ना, जरा सरका म्हून."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

किसनभाऊंनी मस्करी केली, असं मी आजही धरून चालतो. पण त्या मादीला मस्करीत कुणी सामील करून घेतलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.