मागणारे पाळकसाहेब

रेव्हरंड सुधाकर दिवे यांची आणि माझी ओळख एका प्रश्नावरून झाली, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मला आजतागायत दिलेले नाही. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाची सुरुवात अशी करावी की नाही, ते संपादकांनी पाहावे. त्यांनी माझ्याकडे ‘चार गोड शब्द’ मागितले. मागण्यापूर्वी थोडी चौकशी केली असती, तर बरे झाले असते.

नाशिकच्या ज्या कॉन्व्हेंट शाळेत मी शिकले, तिथेच पुढे भूगोल शिकवून निवृत्त झाले. आमचे घर माळ्याचे, मखमलाबादकडे गुलाबाचा मळा, देव्हाऱ्यात खंडोबा. पण सगळे बालपण सिस्टरांच्या धाकात गेल्यामुळे येशूच्या शेवटच्या आठवड्याची गोष्ट मला आमच्या कुळाचारापेक्षा जास्त पाठ. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आधी शिक्षकांसाठी एक प्रवचन होई. एका वर्षी नेहमीचे फादर आजारी पडले, म्हणून शरणपूरकडच्या एका प्रॉटेस्टंट चर्चचे नवे पाळक आले. तेच दिवेसाहेब. उंच, सावळे, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या ड्रॉइंगच्या सरांनीही डोळे उघडले.

प्रवचन संपल्यावर मी हात वर केला. म्हटले, “अटक होण्याआधी येशूने बागेत गुडघे टेकून बापाकडे मागितलं, की हे दुःख टळू दे. घामाघूम होऊन मागितलं. टळलं नाही. प्रत्यक्ष पोराची ही गत, तर आमच्या मुलींनी परीक्षेआधी प्रार्थना कशासाठी करायची?”

सिस्टरांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पुन्हा पाचवीत गेले. अशा प्रश्नाला पाहुणे पाव तास उत्तर देतात आणि शेवटी आपण काय विचारले होते तेच विसरायला होते, हा माझा अनुभव. दिवेसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“बाई, मला माहीत नाही. विचार करून सांगतो.”

पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना त्यांची स्कूटर फाटकाशी उभी. “विचार केला. अजून माहीत नाही.”

“एवढं सांगायला आलात?”

“सांगतो म्हणालो होतो ना.”

मला हा माणूस काय आहे, याचे कुतूहल वाटू लागले, ते तेव्हापासून. ‘माहीत नाही’ म्हणणारा धर्मोपदेशक मी पाहिला नव्हता. आमच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटावर तर नाहीच नाही. हा खरा नम्रपणा की भाषणाची नवी तऱ्हा, हे तपासायला मी त्यांच्या चर्चमध्ये जाऊ लागले. बाप्तिस्मा घेणार का, असे मला तिथे अनेकांनी विचारले. दिवेसाहेबांनी कधीच विचारले नाही.

येशूने पकडले जाण्याच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाळक मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. मंडळी म्हणजे त्या चर्चचे सभासद. मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला हसू आवरेना. बाराही जण घरून वजरीने टाचा घासून आलेले. खजिनदार पगारेभाऊंच्या पायांना पावडर. परातीतले पाणी शेवटपर्यंत पिण्याजोगे राहिले. मी दिवेसाहेबांना म्हटले, “धुतलेलेच पाय धुतलेत तुम्ही.”

“पाळकांना घाण लागू नये म्हणून काळजी घेतात हो माझी लेकरं.”

“आणि तुम्ही घेऊ देता?”

पुढच्या वर्षी त्यांनी वेदीवरून जाहीर केले, की ज्यांचे पाय धुवायचे त्यांनी कामावरून थेट यावे, घरी जाऊ नये. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर गॅरेज चालवणारे बाळू मिस्त्री आले ते ग्रीसचे पाय घेऊन, आणि दारातच अडून बसले. “सायेब, नका. लय काळे हायेत. लीलाताई वरडतील, परात वाया जाईल त्यांची.” लीलाताई म्हणजे दिवेसाहेबांच्या पत्नी. त्या मागून म्हणाल्या, “परात जुनीच आणलीय, बाळूभाऊ. मी काय ओळखत नाही का तुम्हाला?”

बारा जणांचे झाले. पाणी शाईसारखे. मग दिवेसाहेब स्वतः खुर्चीवर बसले आणि चपला काढून म्हणाले, “पगारेभाऊ, आता माझे.”

पगारेभाऊ तीन पावले मागे सरकले. “मी? तुमचे? नाही नाही, बरं दिसत नाही ते.”

“बरं दिसू नये म्हणूनच म्हणतोय.”

दिवेसाहेबांच्या टाचांना भेगा होत्या, अंगठ्याचे नख काळे पडलेले. पगारेभाऊ धूत होते आणि दिवेसाहेबांचा चेहरा मी पाहत होते. बारा जणांचे पाय धुताना तो शांत होता. आता मात्र शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या मुलासारखा झाला होता. नंतर मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, “दुसऱ्याचे पाय धुताना माझं मोठेपण जात नाही, बाई. खरं सांगायचं तर वाढतंच. धुवून घेताना जातं.”

हे वाक्य मी घरी येऊन यजमानांना ऐकवले. ते म्हणाले, “तुझे पाय कुणी धुवायला घेतले, तर तू पाण्याचं तापमान सांगशील.” आमच्या ह्यांना अशी बोलायची सवय होती. पुढे त्यांना मूत्रपिंडाचा आजार झाला आणि ते फार सोसून गेले. त्या दिवसांतले दिवेसाहेब सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

ते दवाखान्यात येत आणि ह्यांच्यासाठी प्रार्थना करत. आधी स्वच्छ मागत: “यांना बरं कर.” आडपडदा नाही. मग शेवटी म्हणत, “तरी माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” बागेत येशूने हेच म्हटले होते. मला त्याचा संताप येई. एकदा व्हरांड्यात गाठून मी त्यांना म्हटले, “अर्ज करायचा आणि खाली आपणच लिहायचं, की नामंजूर झाला तरी हरकत नाही! असा अर्ज कोण मंजूर करील?”

“बाई, त्याने तीनदा मागितलं होतं. तीनदा. हरकत नसती तर एकदाच मागून उठला असता. हरकत होती. हरकत सांगून मग बापाचा हात धरला.”

“आणि बापाने काय केलं?”

“ते मला तुम्हाला अजून सांगायचं आहे,” ते म्हणाले.

हे गेले. तेराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, ‘देवाची इच्छा’. चर्चचेही काही लोक आले होते. त्यांतल्या एका भल्या गृहस्थांनी हेच म्हटले, तेव्हा दिवेसाहेब एवढ्या मोठ्याने बोलले की स्वयंपाकघरातल्या बायका बाहेर आल्या. “या घरात हे वाक्य बोलायचं नाही! आपल्या मरणाला ‘तुझी इच्छा’ म्हणणं निराळं आणि दुसऱ्याच्या घरी येऊन म्हणणं निराळं. क्रूसावर प्रभूनेसुद्धा विचारलं, मला का सोडलंस म्हणून. त्याला कुणी असं गप्प बसवलं का?” त्यांना रागावलेले मी एवढे एकदाच पाहिले. पुढे कितीतरी महिने ते मंगळवारी येत, ओट्यावर बसत, पेपर वाचत आणि जात. मी बरेचदा बोलतही नसे. मला बोलावेसे वाटत नव्हते, आणि त्यांना ते समजत होते.

एका मंगळवारी मात्र त्यांनी पेपर उलगडला नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “सोडलंस का म्हणताना त्याने ‘माझ्या देवा’ म्हटलंय, बाई. ‘माझ्या’. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्यालाच आपला म्हणून सांगितली. मला एवढंच दिसलंय इतक्या वर्षांत. हे उत्तर नाही, मला कळतं.”

मी म्हटले, “उत्तर नाहीच. पण तुमचा घसा का बसलाय?”

घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया करावीच लागणार होती, आणि आवाज राहील याची हमी डॉक्टर देईनात. ज्यांची सारी हयात त्या आवाजावर गेली, ज्यांचा शब्द ऐकायला नांदगाव-देवळ्याहून माणसे यायची, त्यांचा आवाज! मंडळीने आळीपाळीने अखंड चालणारी साखळी प्रार्थना सुरू केली. घरोघरी त्यांना बोलावून डोक्यावर हात ठेवले. ते सगळ्यांना हसतमुखाने धीर देत. शस्त्रक्रियेच्या सकाळी मात्र लीलाताईंचा मला फोन आला, “बाई, येता का? तुम्हाला बोलावतायत.”

मी गेले. ते खाटेवर बसलेले, हिरवा झगा घातलेला.

“मला भीती वाटते, बाई.”

“तुमची एवढी मोठी मंडळी आहे. त्यांना सांगायचं.”

“त्यांच्यापुढे चेहरा ठेवावा लागतो. तुमच्यापुढे नाही. बागेत त्यानेही तिघांना म्हटलं होतं, जरा माझ्याजवळ थांबा. ते झोपले. तुम्ही झोपणाऱ्यांतल्या नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.”

“मी? कुठल्या पद्धतीने?”

“भांडता तशी.”

लीलाताईंनी माझा हात धरला. मी डोळे मिटले नाहीत. म्हटले, “यांचा आवाज राहू दे. यांना दुसरं काही येत नाही.” तेवढ्यातही दिवेसाहेब हसले. म्हणाले, “आणि पुढचं?”

“पुढचं मी म्हणणार नाही.”

“मग मी म्हणतो.” त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाले, “मलाही येत नाहीये. थोडं बसा.” आम्ही तिघे बसून राहिलो. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. त्यांना आडवे केले, चादर घातली, चाके वळली, आणि दारातून जाताना त्यांनी ते म्हटले, मोठ्याने, “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” तो भरदार आवाज मी शेवटचा ऐकला तो त्या वाक्यात.

गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. आता कुजबुजल्यासारखे बोलतात, तेही दम घेत. मला या निकालाबद्दल जे म्हणायचे आहे, ते मी ज्याचे त्याला रोज म्हणते. इथे छापण्याची गरज नाही.

यंदाच्या गुड फ्रायडेला मात्र मला गप्प बसवेना. त्या दिवशी येशूने क्रूसावरून उच्चारलेल्या सात वाक्यांवर मंडळीतले सात जण बोलतात. निवृत्त झाल्यावरही एक वाक्य दिवेसाहेबांकडे असे. यंदा कमिटीने सातही दुसऱ्यांना दिली. मी पगारेभाऊंना फोन केला.

“त्यांना त्रास नको म्हणून हो, बाई.”

“त्रास त्यांना की तुम्हाला?”

“अहो, ऐकूच येत नाही त्यांचं! वर पंख्यांचा आवाज.”

“मग पंखे बंद करा.”

मी भांडले म्हणून काही झाले नाही, हेही सांगायला हवे. दिवेसाहेब स्वतः कमिटीपुढे गेले होते आणि त्यांनी पाचवे वाक्य मागितले होते. पगारेभाऊ मला नंतर म्हणाले, “आजवर पाळकसाहेबांनी कमिटीकडे काही मागितलंच नव्हतं. नाही कसं म्हणणार?”

नाशिकचा एप्रिल, भर दुपार, आणि पंखे बंद. माणसे घामाने निथळत होती. दिवेसाहेब माइकशी उभे राहिले. पाचवे वाक्य अगदी लहान: मला तहान लागली आहे. ते कुजबुजले, “लोकहो, प्रभूने पाणी मागितलं. खिळे ठोकणाऱ्यांकडे मागितलं. मी जन्मभर तुम्हाला पाणी देत आलो, असं मला वाटायचं.” थांबले. श्वास घेतला. “मला तहान लागते हे सांगायला मी पंचाहत्तर वर्षं लावली.” आणि खाली बसले.

सगळे चर्च बाकांच्या कडेवर पुढे झुकून बसले होते. त्यांच्या भरदार आवाजाच्या दिवसांत मी तिथे कुणाला पुढे झुकलेले पाहिले नव्हते. पगारेभाऊ उठले आणि पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याकडे गेले. दिवेसाहेबांनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि सर्वांदेखत सावकाश, संपेपर्यंत प्यायला.

दिवेसाहेबांना उदंड आयुष्य मिळो, लीलाताईंची साथ मिळो, घसा दुखू नये, पायांच्या भेगा भराव्यात. त्यांना जे जे हवे ते त्यांनी आपल्याकडे न संकोचता मागावे, आणि ते मागतील तेव्हा ऐकू येईल इतक्या जवळ आपण बसलेले असावे.