खरं शिसं

साच्यातून पडलेली गोळी चाचा आधी थंड होऊ द्यायचे आणि मग तिच्यात अंगठ्याचं नख रुतवायचे. नखाची खूण उमटली की ती गोळी माझ्या नाकासमोर धरून म्हणायचे, "बग बाबू. खरं शिसं." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बंदुकीच्या गोळीत नख शिरत असेल तर ती गोळी कुचकामी, हे मी त्यांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, बंदुकीच्या गोळ्या कुणी घरी कशाला करेल? मीही हेच म्हणत होतो.

कुवेत स्वतंत्र व्हायच्या आधीची ही गोष्ट. शहराची मातीची भिंत अजून उभी होती आणि आम्ही मिरकाबमध्ये एका जुन्या घराच्या दोन खोल्यांत सहा जण राहत होतो. मी एका ट्रकच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळायचो, चाचा तिथेच फिटर होते. मी दादरचा आणि ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, म्हणून अख्खं वर्कशॉप त्यांना चाचा म्हणायचं.

सुलैबियाच्या वाटेवर, खाऱ्या पाण्याच्या विहिरींच्या अलीकडे, गोऱ्या साहेबांचा एक रायफल क्लब होता. तिथल्या बंदुकांची डागडुजी चाचांकडे असायची. विलायतेला कायमचा परत निघालेला एक इंजिनियर आपली छोटी रायफल क्लबातच ठेवून गेला, आणि ही चाचाला चालवू द्या असं सांगून गेला. नळी इतकी बारीक की पेन्सिलसुद्धा आत जायची नाही. पण लुटुपुटीची बंदूक नव्हे ती. तिच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध बार पेटवणारी टोपी बसते, त्यामुळे बार उडाल्यावर रिकामं पितळ पुन्हा भरता येतं. टोप्या आणि बंदुकीची दारू क्लब विकत द्यायचा. तयार गोळ्या मात्र बोटीने यायच्या, मोजक्याच, आणि त्या फक्त मेंबरांसाठी. क्लबचा सेक्रेटरी एक म्हातारा मेजर होता. त्याने स्वच्छ सांगितलं, रायफल मारायची तर मार, गोळ्यांचं तुझं तू बघ.

चाचांनी बघितलं. इंजिनियरने साचा दिलेलाच होता. शिसं वर्कशॉपच्या भंगारात मिळायचं. आणि चूल म्हणजे आमच्या खोलीतला एकुलता एक स्टोव्ह. एके शुक्रवारी आमटी वाढायला पळी शोधतोय तर पळी सापडेना. अंगणात गेलो, तर चाचा तिने शिसं ओतत बसलेले.

"चाचा, ती जेवणाची पळी आहे."

"धुतो की."

"शिसं धुऊन जातं होय?"

"मंग दुसरी आण," ते शांतपणे म्हणाले आणि पुढची गोळी ओतली.

दुसरी पळी मी आणली. पैसे माझेच गेले. गोळ्यांना लावायला ते मेण आणि बकऱ्याची चरबी एकत्र कढवायचे. त्या वासाने आमच्यातल्या एका गुजराती क्लार्कने खोलीच बदलली. आणि चरबी लावलेल्या गोळ्या ठेवायच्या कुठे, तर खिडकीत. कुवेतच्या उन्हात चरबी वितळली आणि खाली वाळत घातलेल्या माझ्या ऑफिसच्या शर्टावर ओघळली. मी तणतणलो. चाचा म्हणाले, "थंडीत नाय व्हायचं असं."

सगळा खटाटोप त्या थंडीसाठीच होता. वर्षातून एका शुक्रवारी क्लब सगळ्यांना खुला असायचा. निशाणाच्या कार्डावर पाच गोळ्या मारायच्या. पाचही मधल्या काळ्या वर्तुळात बसल्या तर ते कार्ड नाव लिहून क्लबातल्या फळीवर वर्षभर लागायचं. चाचा दर आठवड्याला त्या फळीखाली बसून बंदुका पुसायचे. तिथे आपल्याकडचं एकही नाव नव्हतं. त्यांचा करार त्या हिवाळ्यानंतर संपत होता आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. पुढची संधी नव्हती हे त्यांनाही कळत होतं, मलाही.

"एकदा नाव लागू दे," ते म्हणायचे, "मंग जातो घरला."

मला कसला नेमबाजीचा नाद? पण रोज तेच ऐकून मीही हट्टाला पेटलो. लागलंच पाहिजे हे नाव, असं मला त्यांच्याहून जास्त वाटायला लागलं. दर शुक्रवारी मी त्यांच्यासोबत क्लबात जायचो. पहिली गोळी काळ्यात बसायची. दुसरीही बसायची. तिसरी कुठेतरी कडेला जायची आणि चौथी कार्डातून आडवी घुसायची, भोकसुद्धा आडवं, लांबट. नळीत डोकावलं की आत शिशाचा चंदेरी थर चिकटलेला दिसायचा. मग पितळी ब्रश घेऊन चाचा नळी घासत बसायचे आणि मी वाळूत येरझारा घालायचो.

मेजरने एकदा दुरून हे बघितलं आणि मला बोलावून सांगितलं, "त्याचं शिसं फार मऊ आहे. नळीतच खरवडलं जातंय. त्यात थोडं कथील घालायला सांग." एवढंच. बाजारात कॉफीच्या किटल्यांना कल्हई करणारा एक इराणी बसायचा. त्याच्याकडून मी कथलाचा तुकडा आणला आणि मोठ्या फुशारकीने चाचांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी त्याच्याकडे मी मेलेला उंदीर आणल्यासारखं बघितलं.

"शिशात भेसळ?"

"भेसळ नाही हो, कडक होतं ते. गोळी सरळ जाईल."

"आमच्या घरात शिशात काय मिळवत नाय."

मग मला कळलं. त्यांचे वडील जाळ्यांची शिसं ओतायचे. जाळ्याच्या दोरीवर शिशाची गुंडी ठोकून बसवतात. शिसं खरं असेल तर ते दोरीला धरून बसतं. त्यात काही मिसळलेलं असेल तर ठोकताना तडकतं आणि पाण्यात गळून जातं. एका साली वडिलांनी कुणाकडून तरी स्वस्तात शिसं घेतलं आणि न बघता ओतलं. गुंड्या गळाल्या, जाळी वर आली, ऐन हंगामात वस्तीतल्या निम्म्या होड्या रिकाम्या परतल्या. कुणी त्यांना दोष दिला नाही. पण वडील त्यानंतर नख लावल्याशिवाय शिसं घरात येऊ देत नसत, आणि मुलांकडूनही त्यांनी तसं वचन घेतलं होतं.

"चाचा, ते जाळं होतं. ही बंदूक आहे."

"शिसं तेच हाय ना?"

मी कपाळाला हात लावला. समजावलं, भांडलो, दोन दिवस बोललो नाही. ते आपले सकाळी माझ्या वाटणीचा चहा गाळून माझ्या उशाशी ठेवायचे आणि कामाला निघायचे. असल्या माणसाशी अबोला तरी कसा धरायचा, सांगा.

मधे मला स्टोअरच्या सामानासाठी बसऱ्याला जावं लागलं. परतलो तर चाचांचा सूर बदललेला. कथलाचा विषय काढला की उठूनच जायचे. शेवटी त्यांनी आपला उपाय सांगितला. प्रत्येक गोळीनंतर नळी साफ करायची. नळी कोरी असली की खरं शिसंही सरळ जातं.

"आणि वेळ? स्पर्धेत वेळ ठरलेला असतो, चाचा."

"हात चालवीन."

स्पर्धेच्या शुक्रवारी गार वारा होता आणि वाळू उडत नव्हती, म्हणजे नशीबसुद्धा बाजूने होतं. चाचा सतरंजीवर पालथे झोपले. पहिली गोळी काळ्यात. उठले, ब्रश घातला, फडकं ओढलं, पुन्हा झोपले. दुसरी काळ्यात. बाकीच्यांच्या पाच-पाच गोळ्या मारून झाल्या, लोक चहा प्यायला लागले, आणि हा म्हातारा आपला उठतोय, घासतोय, झोपतोय. काही गोरे हसले. चौथ्या गोळीपर्यंत हसणं थांबलं होतं. चारही गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या होत्या.

पाचव्या गोळीसाठी ते नळी पुसत होते तेव्हा वेळ संपल्याची शिट्टी वाजली. फडकं अजून नळीतच होतं.

मी मेजरकडे धावलो. म्हटलं, साहेब, अर्धं मिनिट द्या. मेजरला वाईट वाटलेलं दिसत होतं. त्याने कार्ड हातात घेतलं, भोकं मोजली आणि म्हणाला, "चाराचं कार्ड लागत नाही." त्याचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच मला काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

परतीच्या ट्रकमध्ये मी चाचांना नाही नाही ते बोललो. ते बाहेर बघत बसले होते.

महिन्याभराने मी त्यांना बोटीवर सोडायला गेलो. धक्क्यावर हमालांची गर्दी, चाचांची ट्रंक, दोऱ्यांनी बांधलेली वळकटी. निघताना त्यांनी साचा माझ्या हातात दिला. तो बघितला आणि माझं पुन्हा डोकं फिरलं.

"चिमूटभर कथील, चाचा. चिमूटभर घातलं असतं तर आज तुमचं नाव तिथे असतं."

"घातलेलं," ते म्हणाले.

"काय?"

"तू बसऱ्याला गेलेलास तेव्हा. तुझंच कथील. एकट्यानं गेलो क्लबात. पाच मारल्या."

"मग?"

"पाची काळ्यात. न पुसता."

कार्ड कुठे आहे, मी विचारलं.

"फाडलं." ट्रंकेची कडी धरून ते खाली बघत होते. "हाताला कळलं, बाबू, शिसं खरं नाय. इतकं सोपं झालं ते. मंग बापाचा चेहरा आठवला. नाव तर बापाचंच लावतो ना आपण? ते त्या शिशावर कसं लावू?"

मला त्यांचा भयंकर राग आला. मिठी मारली तरी राग जाईना. बोटीचा भोंगा झाला, आणि ते जिन्यावरून हळूहळू, पायरी चाचपत वर गेले.

ते परत आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात मेजरने निरोप पाठवला, रायफल पडून आहे, मारायची असेल तर ये. खुल्या शुक्रवारी मी गेलो. साचा तोच, शिशात कथील, सगळं मेजरने सांगितलं तसं. पाचातली एकच गोळी कार्डाला लागली, तीही कोपऱ्यात. नळी मात्र आतून लखलखीत होती.

मी वैतागून मागे वळलो, चाचांना चांगलं फाडफाड बोलायला. मागे एक पठाण ड्रायव्हर आपल्या पाळीची वाट बघत उभा होता.

"क्या हुआ, बाबू?" त्याने विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हटलं, आणि सतरंजी त्याला मोकळी करून दिली.