वाऱ्याची पिशवी

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी म्हैसुरात स्कूटरपासून विळीपर्यंत सगळं धुऊन काढतात. मी तेव्हा विमान चालवायला शिकत होतो. धावपट्टीजवळच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असायची. ती फार मळली होती, म्हणून मीच ती उतरवून घरी आणली. "अय्यो, किती गलीज रे!" म्हणत आईने ती धुऊन वाळत घातली.

दुपारी मी एकटाच विमान घेऊन वर गेलो. उतरताना सवयीने खांबाकडे पाहिलं, तर खांब रिकामा. वारा आडवा आहे हे चाकं टेकल्यावरच कळलं. एक पंख उचलला गेला, विमान गर्रकन फिरलं आणि शेजारच्या नाचणीच्या शेतात जाऊन रुतलं. मला खरचटलंसुद्धा नाही. पण पुन्हा कुणी मला विमानाला हात लावू दिला नाही. बरोबरच केलं म्हणा, गाढवपणा माझाच होता.

पिशवी परत द्यायची राहूनच गेली. आई गेल्यापासून दर आयुधपूजेला मीच ती धुतो आणि गच्चीवर बांधतो. यंदा वारा भरून ती टम्म फुगली. नात म्हणाली, "अज्जा, वाळली की. काढू?"

"राहू दे गं," मी म्हटलं, "मला अजून उतरायचंय."