पिशवीतली कणसं

परवा पुसेगावला चुलतभावाकडे हुरड्याला गेले होते. हुरडा हे निमित्त... शेताच्या कडेला माझ्या ज्वारीच्या दोन ओळी होत्या, त्या बघायच्या होत्या.

कृषी संशोधन केंद्रातल्या नोकरीची बहुतेक वर्षं मी हे एकच वाण तयार करण्यात घालवली. अतिपावसाच्या लाल, आम्लधर्मी जमिनीत पिकाची मुळं वाढतच नाहीत, टोकालाच जळतात. हे वाण तिथेही तग धरायचं. मी रिटायर झाले आणि ऑफिसातल्या कुणा महाभागाने 'जुना कचरा' म्हणून शीतखोलीतलं त्याचं सगळं बियाणं फेकून दिलं. स्वतःच्या केबिनचा एसी मात्र कधी बंद पडू दिला नाही!

माझ्याकडे मूठभर बी उरलं होतं, तेही म्हातारं. डोंगराळ भागात काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला ते हवं होतं, म्हणून वाढवायला सगळंच्या सगळं इथे पेरलं. जेमतेम उगवलं... शेजारच्या ज्वारीचे पराग मिसळू नयेत म्हणून कणसांना कागदी पिशव्या बांधल्या आणि भावाला बजावलं, पाखरांपासून राख.

आगटीभोवती बसलो. भावजयीने चोळलेला हुरडा पुढ्यात ठेवला. "घ्या वन्सं, गार झाल्यावर मजा न्हाई." इतका गोड हुरडा मी कधी खाल्ला नव्हता. पुन्हा मागून घेतला, त्या दोघांनाही खायला लावला...

"कुठल्या वाणाचा रे?" मी भावाला विचारलं.

"तुझाच की ताई! बाकीची कणसं पाखरानं टोचून ठेवली. पिशवीतली कशी साफ व्हती! तू येऊन राहिलीस, मग तुला पाखराचं उष्टं काहून द्यायचं? समदी तुझ्यासाठीच काढली."

तोंडात घास असताना बोलू नये, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी फूटपट्टीने शिकवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच पाळलं.

एरवी मी कुणाला सोडत नाही. पण निखाऱ्यातून कणसं काढताना त्याची बोटं भाजली होती, आणि तोंडभर हसू होतं... पाखरांपासून राख म्हणाले होते, माणसांपासून राख म्हणायचं राहून गेलं.

"तोंड काहून पाडलंस? पुढच्या साली जास्त पेरू की!"

मी नुसतं "हो" म्हणाले.

विद्यार्थिनीचा कालही मेसेज आला, 'मॅडम, बी कधी पाठवताय?' अजून उत्तर दिलेलं नाही.

इतक्या वर्षांत मी या वाणाच्या मुळांवर पानंच्या पानं लिहिली, चवीबद्दल एक ओळ नाही. आता ती चव जगात फक्त आम्हा तिघांना माहीत आहे... आणि ती कुणाला पाठवता येत नाही.