मी हळू बोलायला शिकले

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नाही. वडील कागलजवळच्या साखर कारखान्यात ऊस गाळायच्या मिलवर होते. त्या घरघराटात त्यांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं. कानाचं मशीन आणलं, पण त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून ते कपाटात पडून आहे. त्यामुळे आई काय, मी काय, सगळेच वरच्या पट्टीत. आम्ही मीठ मागितलं तरी नव्या पाहुण्याला भांडण पेटल्यासारखं वाटतं. पुढं मी कागलच्याच पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागले. तिथंही मशीनच्या वर आवाज काढावा लागे, आणि माझा तो खणखणीत निघे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

मग कॅनडातली नोकरी मिळाली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता. माझ्या टेबलाशेजारी फिलिपिन्सची एक बाई, पलीकडं युक्रेनचे एक गृहस्थ, घानाचा एक तरुण, दोघं पंजाबी. इंग्रजी सगळ्यांची, पण प्रत्येकाची वेगळ्या गावची. दुपारी डब्यांचे वास एकमेकांत मिसळत आणि कुणाची तक्रार नसे. मला वाटलं, इथं आपलं बस्तान बसणार.

थोड्याच दिवसांत साहेबीणबाईंनी आत बोलावलं. फिलिपिन्सच्या बाईवर तुझा कसला राग आहे, असं त्यांनी विचारलं. मी उडालेच. कारखान्यात मला सगळ्यात जवळची तीच. तिच्या डब्यातला भात मी हक्कानं खात होते. झालं होतं एवढंच, की तिनं माप चुकीचं लिहिलं होतं आणि मी म्हटलं होतं, "हे चुकलंय. परत मोज." कोल्हापुरात यात राग शोधायला भिंग लागेल. उलट ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशीच आम्ही गोड बोलतो. पण ती बिचारी घरी जाऊन रडली होती. साहेबीणबाई शांतपणे म्हणाल्या, काम उत्तम आहे, पण नोकरी पक्की करताना हेही बघावं लागेल.

मग शिकले. चूक दिसली की आधी हसायचं, नंतर "आपण हे परत एकदा बघूया का?" असं विचारायचं, तेही पलीकडच्या टेबलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. सुरुवातीला माझाच मला राग यायचा. पण पहिला बर्फ पडेपर्यंत आवाज खाली आला, तो आलाच. नोकरी पक्की झाली, त्या बाईशी मैत्रीही टिकली.

दर रविवारी मी घरी फोन करी. वडील आधी फोन घेत. मी त्यांना सगळं सांगे आणि ते "व्हय, व्हय... बरं हाय... जेवत जा" म्हणत. वडिलांशी मी इतकं आयुष्यात कधी बोलले नव्हते, याचं मला फार बरं वाटे.

यंदा सुट्टीवर घरी आले. पहिल्याच सकाळी वडील बाहेरच्या सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, "आबा, चहा टाकू का?"

"व्हय, व्हय," ते हसून म्हणाले, "थंडी लई असंल की तिकडं."

मी परत विचारलं. ते पुन्हा हसले. "बरं हाय, बरं हाय."

आत आई भाकरी थापत होती. मान वर न करताच म्हणाली, "तुझं त्यास्नी काय ऐकू येत न्हाय. फोनवरबी येत नव्हतं."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"त्येंनीच गप बसवलं मला. म्हणालं, पोरगी मोठ्या जागी गेलीया, आता कशी हळू, चांगलं बोलती. तिला परत वरडायला लावू नगो."

मी तशीच बाहेर गेले, वडिलांशेजारी बसले. मोठा आवाज काढायची लाज वाटली, आपल्याच घरात. पहिल्यांदा तो फाटलाच. मग छाती भरून ओरडले, "आबा! फोनवरचं माझं काय काय कळलं तुमास्नी?"

समोरच्या घरातली काकू काय झालं म्हणून दारात आली.

"आलं की ऐकू!" वडील म्हणाले. त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली आणि जरा आठवून बोलले, "तिकडं पैल्यांदा बर्फ पडला, तिथवर ऐकलंय. त्येच्या म्होरं सांग."